साताऱ्यापासून कवठे महांकाळपर्यंत, माझीच अक्षरं पुसत

आधी पद्माक्कांचं नाव लिहितो. पद्मावती हे त्यांचं पूर्ण नाव. तासगावजवळ त्यांचं बेदाण्याचं शेड आहे, आणि द्राक्षवेल महिला गटाच्या त्या अध्यक्ष आहेत. त्या नसत्या तर आज मी भंडाऱ्याकडच्या माझ्या घराच्या ओट्यावर बसून हे लिहीत नसतो. कुठल्यातरी ठाण्याच्या बाकावर, पुरता न समजलेल्या कागदावर सही करत असतो. हे सांगून टाकलं, आता पुढचं सांगायला जीव जरा हलका झाला.

मी देवा पेंटर. शाळा सहावीत सुटली. मराठी वाचतो, लिहितो. इंग्रजी अक्षरं मात्र मला चित्रांसारखी येतात. कुणी कागदावर लिहून दिली की भिंतीवर हुबेहूब उतरवतो. काय लिहिलंय ते विचारू नका. दिवाळीच्या सुट्टीत पद्माक्कांच्या गटानं मला सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या सात शाळांच्या बोलक्या भिंती रंगवायला नेलं होतं. पाढे, बाराखडी, पक्षी, मनुका कशी होते त्याची चित्रं, आणि सगळ्यांत खाली गटाच्या वेबसाइटचा पत्ता. भिंतीच्या कोपऱ्यात सगळे पेंटर लिहितात तसं मीही लिहिलं, 'देवा आर्ट' आणि माझा मोबाइल नंबर. त्या कोपऱ्यानंच माझी झोप उडवली.

शिमगा झाला आणि फोन सुरू झाले. पहिला माणूस नाव न सांगता म्हणाला, "शाळंच्या भिंतीवर काय घाण लिवलीस रं? पोरींची शाळा हाय ती!" मी म्हणालो, "मी तं मनुकाच काढल्या जी." तो आणखी भडकला. दुसरा म्हणाला, पोलिसांत देतो. तिसऱ्या फोनवर मला खरं काय ते कळलं. कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका शाळेत मोठा टीव्ही आला होता. बाईंनी सातवीच्या मुलांना म्हटलं, चला, भिंतीवरच्या पत्त्यावर जाऊन बेदाणा कसा होतो ते बघू. पत्ता टाकला, आणि पडद्यावर उघडीनागडी माणसं आली. बाईंना टीव्ही बंद करायचं बटण सापडेना. शेवटी त्यांनी अंगावरची ओढणी पडद्यावर टाकली.

माझ्या हातातला फोन गरम झाला होता की माझा हातच, ते कळलं नाही. बायको म्हणाली, "फोन बंद करून ठेवा, ते काय इथवर येतेत?" मी बंद करणारच होतो. तेवढ्यात पद्माक्कांचा फोन आला.

"देवा, त्या भिंतीवर तुझं नाव हाय आणि आमचं बी हाय. तू ये. दोघं जाऊन पुसू."

"अक्का, मले मारतीन लोकं."

"मग माझ्या मागं उभा ऱ्हा," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

सातारा

गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी गाडी आमच्यावरूनच जाते, त्यामुळे प्रवास सोपा. तो रात्रभराचा आणि दिवसभराचा बसूनबसून केलेला प्रवास सोडून देतो. सकाळी साताऱ्याला उतरलो तेव्हा पायात गोळे आले होते. स्टेशन गावाच्या बरंच बाहेर आहे, आजूबाजूला उसाचं रान. लांबवर किल्ल्याचा डोंगर, वरून कुणी सुरीनं कापल्यासारखा सपाट. आमच्याकडं डोंगर म्हणजे झाडांचा ढीग, इथं डोंगरावर झाडच नाही. मला वाटलं, इथं लपायलाही जागा नाही.

स्टेशनच्या बाहेर पद्माक्का उभ्या होत्या. साठीच्या पुढच्या, सडपातळ, पांढऱ्या काठाची साडी, हातात कापडी पिशवी आणि पायाशी चुन्याची बादली. मला एकट्याला पहिल्या शाळेत जावं लागू नये म्हणून त्या तासगावहून पहाटेची एसटी धरून आल्या होत्या. त्यांनी हे सांगितलं नाही, चप्पलांवरच्या धुळीवरून मी ओळखलं.

"खाल्लंस का काय?" एवढंच त्यांनी विचारलं. पिशवीतून शाळूची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. चटणीत लसूण नाही. त्या जैन आहेत, कांदा-लसूण खात नाहीत. आम्ही भात खाणारी माणसं, भाकरी माझ्या घशाखाली उतरायला वेळ लागतो. त्या दिवशी मात्र उतरली. नंतर त्यांनी कंदी पेढा हातावर ठेवला. मी म्हणालो, "अक्का, पेढे काहून? आपण तं पुसायला आलो." त्या म्हणाल्या, "साताऱ्यात आला आन् पेढा न खाता गेला, आसं कुणी म्हणाया नगं."

पहिली शाळा रहिमतपूरच्या वाटेवर. मुख्याध्यापिका बाई फाटकातच उभ्या होत्या. मी हात जोडले. त्यांनी हात जोडले नाहीत, पण ओरडल्याही नाहीत. म्हणाल्या, "आम्ही चुना मारलाय वरून. बघा काय झालंय ते."

मी भिंतीजवळ गेलो. पांढऱ्या चुन्यातून माझी हिरवी अक्षरं आरपार दिसत होती. पत्ता मी ऑइल पेंटनं लिहिला होता, पावसानं जाऊ नये म्हणून. ऑइल पेंटवर चुना धरत नाही. आधी पत्र्यानं खरवडायचं, मग पुट्टी भरायची, वाळली की रंग. नुसतं झाकून काही उपयोग नाही, दोन दिवसांत खालचं वर येतं. मी हे बाईंना समजावून सांगितलं आणि खरवडायला बसलो. इतकी वर्षं काम करतोय, पण स्वतःच्या हातचं अक्षर खरवडायची वेळ कधी आली नव्हती. एकेक अक्षराचा गोलवा मी किती जपून काढला होता!

बाईंनी मला फोनवर ती साइट दाखवली. मीच मागितली. कशाबद्दल शिव्या खातोय ते निदान कळावं म्हणून. वर द्राक्षवेल गटाचंच नाव, आणि त्याखाली... मी फोन पालथा करून कट्ट्यावर ठेवला आणि अक्कांकडं बघायची हिंमत झाली नाही. सात गावांच्या पोरांना मीच या दाराचा रस्ता दाखवला होता, तोही पाढ्यांच्या खाली.

बाईंनी मग मला एक गोष्ट शिकवली. इंग्रजी पत्त्याच्या शेवटी एक ठिपका असतो आणि त्यापुढं दोन-तीन अक्षरं. मला वाटायचं ती नुसती शेपटी. बाई म्हणाल्या, "अहो, पाकिटावर शेवटी जिल्हा लिहितो ना, तसं ते. सरकारी कचेरीचा शेवट वेगळा, संस्थेचा वेगळा, दुकानाचा वेगळा. मी तर म्हणते या असल्या साइटांना एक वेगळाच शेवट द्यावा आणि बाकी सगळीकडून हाकलून द्यावं. म्हणजे पत्ता बघूनच कळेल, आत काय आहे."

मला हे इतकं पटलं की खरवडता खरवडता मी थांबलो. एवढं सोपं असताना कुणी केलं का नाही?

विट्याच्या वाटेवर, एसटीत

दुसऱ्या दिवशी औंधकडच्या दोन शाळा उरकून आम्ही विट्याची गाडी धरली. माझ्याकडं रंगाचे डबे, पुट्टी, पत्रे, आणि अक्कांच्या मांडीवर चुन्याची बादली. कंडक्टर म्हणाला, "आवं आक्का, बादलीचं तिकीट कुणी काढायचं?"

"बादली माझ्या मांडीवर हाय. मांडीवरच्याचं तिकीट लागत न्हाई."

"ते पाच वर्षांच्या आतल्याला."

"मग ही तीन वर्षांची हाय," अक्का म्हणाल्या, आणि सगळी गाडी हसली.

पुढच्या वळणाला गाडी आचके देत थांबली आणि त्या तीन वर्षांच्या बादलीनं कंडक्टरच्या बुटांवर पांढरी ओकारी केली. मी रडकुंडीला आलो. आधीच माझ्यावर काय काय आहे, त्यात हे! मी गमछ्यानं त्यांचे बूट पुसायला खाली वाकलो, तर कंडक्टर म्हणाला, "ऱ्हाऊ दे रं गड्या, बूट सरकारचं हायती. तू कुठला?" मी म्हणालो, "भंडाऱ्याचा जी." "जी" ऐकून त्याला गंमत वाटली. तो तिकीट देताना सगळ्यांना "घ्या जी, सरका जी" म्हणायला लागला. त्या गाडीत मी चार दिवसांत पहिल्यांदा हसलो.

विट्याच्या अलीकडं गावं लागतात, त्यांत मोठमोठी पक्की घरं आणि दाराला कुलपं. मी विचारलं, "माणसं कुठी गेली?" अक्का म्हणाल्या, सोनं-चांदी गाळायच्या कामाला, गलाईला म्हणतात इथं. कुणी केरळात, कुणी बंगालात. पंधरा-पंधरा वर्षं घर बंद.

"मंग कोणी घुसत नाही घरात?"

"कुलपावर गंज चढंल, पर कुणी पायरीवर बी बसत न्हाई. नाव त्येंचं, घर त्येंचं."

हे बोलून अक्का खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटलं, दमल्या असतील.

तासगाव

तासगावला पोचलो तेव्हा दिवस मावळायला अजून अवकाश होता, तरी अक्कांनी आल्याआल्या चूल पेटवली. सूर्य बुडाला की त्या पाणीसुद्धा पीत नाहीत. आमच्या घरी जेवायला बसायची ती वेळच नसते, आम्ही तेव्हा कुठं शेतातून येतो. मी घाईघाईनं जेवत होतो तर म्हणाल्या, "दिवस हाय अजून. गिळू नगंस, चाव."

त्यांचं शेड बघण्यासारखं आहे. उघड्या माळावर लांबच लांब छप्पर, खाली एकावर एक जाळ्या ताणलेल्या, आणि त्यांवर द्राक्षं पसरलेली. वरच्या जाळीवर अजून हिरवी टपोरी, खालच्या जाळीवर सुरकुतलेली. गोड, आंबूस वास. आमच्याकडं चैतात अंगणात मोहफुलं वाळत पडतात, मला तोच वास आठवला आणि घर आठवलं. मी अक्कांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "मोहाचं करता काय?" मी म्हणालो, "खातो बी, अन्..." पुढचं, दारूचं, बोललो नाही. त्यांना कळलं.

गटाच्या बायका शेडात बसून काड्या निवडत होत्या. मला बघून त्यांची कुजबूज थांबली. या बायकांच्या बेदाण्याच्या सगळ्या खोक्यांवर तोच पत्ता छापलेला. यंदाचा सगळा माल तसाच पडून होता. एकीनं तोंडावर विचारलं, "पेंटर, खोकं बी तूच रंगिवलंस व्हय?" अक्का म्हणाल्या, "त्येनं आपण दिलं त्येच लिवलं. त्येला बोलायचं न्हाई." बायका पुन्हा काड्या निवडायला लागल्या.

काड्या निवडता निवडता त्या दिवशी जे बोलणं झालं ते मी विसरणार नाही. मी रहिमतपूरच्या बाईंचं म्हणणं सांगितलं, की असल्या साइटांना पत्त्याच्या शेवटी वेगळी खूण पाहिजे, त्यांची वस्तीच वेगळी करायला पाहिजे. बायकांनी एकदम माना डोलावल्या. एक म्हणाली, "आपण दारूचं दुकान न्हाई का काढलं? आडवी बाटली केली!" भंडाऱ्याच्या वाचकांना सांगतो, गावातल्या बायका मतदान करून दारूचं दुकान बंद पाडू शकतात. चिठ्ठीवर दोन बाटल्यांची चित्रं असतात, एक उभी, एक आडवी. आडवीवर शिक्के जास्त पडले की दुकान बंद.

"बंद कुठं झालं?" दुसरी म्हणाली. "शिवेच्या पल्याड गेलं. माझा नवरा आता सायकलीवर जातोय, तेवढाच फरक."

सगळ्या हसल्या. अक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तरी बरं झालं. तुझ्या नवऱ्याला जायाचंच हुतं, त्यो गेला. पर तुझी पोरगी शाळंला जाताना आता दुकानाम्होरनं जात न्हाई. जायाचं त्यो जाईल. न जाणाऱ्याच्या वाटंत ते येऊ ने, येवढंच माझं म्हणणं."

तेव्हा सुरेखा नावाची बाई बोलली. ती गावची आशाताई, बाळंतिणींना भेटत हिंडणारी. म्हणाली, "आक्का, पर शीव कुणी आखायची? परवा एका बाळंतिणीला अंगावर कसं पाजायचं त्येचा व्हिडिओ दाखवत हुते, तर तिच्या सासऱ्यानं फोनला कसलं कुलूप घातलेलं, त्येनं त्यो बंदच केला. अश्लील म्हणं! उद्या तुमी वेगळी वस्ती केली तर मला बी तितंच न्हेऊन बसवतील. छातीच्या गाठीबद्दल मी मग कुठं बोलायचं?"

मी काडी हातात धरून तसाच बसलो. रहिमतपुरात जे इतकं सोपं वाटलं होतं त्याला असा पीळ असेल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. अक्का म्हणाल्या, "सुरेखाचं बरोबर हाय. शीव आखताना तिला इचारायला पायजे."

कुपवाड

चौथ्या दिवशी सकाळी कुपवाडला गेलो. तिथं कारखान्यांची वसाहत आहे, शिफ्ट सुटली की दुचाक्यांचा लोंढा. खोकी छापणाऱ्या एका लहान वर्कशॉपात आम्हाला पत्त्यावर चिकटवायच्या पट्ट्या करून घ्यायच्या होत्या. मशीनवरचा माणूस खोकं बघून दात काढून म्हणाला, "व्हय, ती साइट तुमचीच का? लय जोरात चाललीय म्हणं!"

अक्का तिथंच उभ्या होत्या. आयुष्यात भांडण न केलेला मी, एकदम म्हणालो, "तुमच्या आईले असं बोलता का जी?"

तो माणूस माझ्याकडं बघत राहिला. मग मान खाली घालून त्यानं पट्ट्या कापून दिल्या, आणि वर भडंगाची पुडी आणून अक्कांपुढं धरली. भडंगात लसूण होता, अक्कांनी ती मला दिली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तुला राग बी येतो म्हणायचा."

सगळं खरं, पण माझा खरा घोर पुढंच होता. तासगावकडच्या तीन धरून सहा भिंती झाल्या होत्या. सातवी कवठे महांकाळकडची, जिथं हे घडलं ती. तिथल्या शाळा समितीच्या अध्यक्षांनी तक्रार लिहून तयार ठेवली होती आणि तीत नाव होतं फक्त माझं. कारण भिंतीवर माणसाचं नाव म्हणून तेवढंच सापडलं होतं. 'देवा आर्ट'.

कवठे महांकाळ

पूर्वेकडं जावं तसं रान कोरडं होत जातं. हिरवी द्राक्षं संपतात, बाभळी आणि खडक लागतात. मध्येच मेंढरांचा कळप रस्ता ओलांडतो आणि एसटी मुकाट्यानं थांबते. प्रत्येक मेंढराच्या पाठीवर लाल नाहीतर निळा पट्टा होता. मी रंगारी माणूस, माझी नजर तिथंच गेली.

शाळेच्या कट्ट्यावर वीस-पंचवीस माणसं बसली होती. मधोमध अध्यक्ष बिरूअण्णा, पटक्यातले, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेल्या घरातले. त्यांची नात त्या वर्गात होती. हातात घडी केलेला कागद. मी अक्कांच्या मागं उभा राहिलो, फोनवर ठरलं होतं तसा.

"हाच का?" अण्णांनी विचारलं.

"हाच," मी म्हणालो.

"माझी नात चार दिस शाळंला आली न्हाई. माज्याशी बोलत न्हाई. तिला वाटतंय तिनंच कायतरी पाप केलं." अण्णांचा आवाज चढला नव्हता. त्याचीच मला जास्त भीती वाटली. "तू पैसं घिऊन लिवलंस का न घेता, मला ठावं न्हाई. उद्या सकाळी ह्यो कागूद ठाण्यात जाणार."

अक्का पुढं झाल्या.

"अण्णा, कागदावर नाव चुकलंय. त्येचं काढा, माझं घाला."

"तुमचं का? तुमी काय केलं?"

मग अक्कांनी जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. पत्ता एक वर्षासाठीच घेतलेला असतो, मुदत संपायच्या आत परत घ्यावा लागतो. तशी आठवण अक्कांच्या फोनवर तीनदा आली. पण गटाच्या बायकांना बँकेच्या मेळाव्यात बजावून शिकवलं होतं, 'आजच भरा, नाहीतर बंद होईल' असा निरोप आला की तो फसवणुकीचा, उघडायचा नाही, पुसून टाकायचा. वीज तोडण्याच्या खोट्या निरोपात गावातले दोघं फसले होते. अक्कांनी तिन्ही निरोप पुसले, आणि चाळीस बायकांना अभिमानानं सांगितलं, बघा, मी फसले नाही.

"आन् दुसरं," अक्का म्हणाल्या, "आपल्याकडं गलाईवाला पंधरा वर्षांनी आला तरी घर त्येचंच असतंय. मला वाटलं नावाचं बी तसंच. कुलूप काढून कुणी परका आत येऊन बसंल आन् असलं मांडंल, हे माझ्या सपनात न्हाई आलं. ह्या पोराला त्यातलं कायबी ठावं न्हाई."

चार दिवस ही बाई माझ्या शेजारी बसून भिंती खरवडत होती, आणि हे पोटात घेऊन. ते निरोप तिनं पुसून टाकले होते, तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हते. ती गप्प राहिली असती तर माझ्यासकट कुणालाही कळलं नसतं.

शाळेचे संगणकाचे सर मागं उभे होते. ते म्हणाले, पत्त्याचं हे असंच असतं, मुदत सुटली की कोणीही उचलतं. अण्णांनी त्यांना विचारलं, "मग आसल्यांना वेगळा पत्ता का देत न्हाईत? खूण लावा, म्हंजी लांबूनच कळंल."

"दिलाय अण्णा. कधीचाच दिलाय," सर म्हणाले. "पत्त्याच्या शेवटी तीन फुल्या. आपण शिवी लिहिताना फुल्या मारतो ना, तशा. खास असल्या साइटांसाठीच. पण तिथं जायची सक्ती कुणावर नाही. ज्याला वाटलं त्यानं तिथं घर घेतलं, आणि जुनंही ठेवलं."

मला धक्का बसला. चार दिवस मी मनात ज्या उपायाला धरून बसलो होतो, तो कधीचा करूनही झाला होता आणि तरीही ती मुलं त्या पडद्यापुढं बसली होती!

अण्णा खिन्नपणे हसले. "आमी मेंढरावर पट्टा वढतो. का? आपलं मेंढरू आपल्याला कळावं म्हणून. लांडगा कवा पट्टा वढून घ्याया येतो व्हय? सर, तुमी लांडग्याची वाट बघू नगा. पोरांनी कुठं जायाचं त्यावर पट्टा वढा. तेवढंच उघडंल आसं करा त्या टीव्हीचं."

सर म्हणाले, तसं करता येतं. लगेच करू.

मग अण्णांनी कागद उलगडला, माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि पेन अक्कांच्या नावासाठी टेकवलं. थोडा वेळ ते तसंच टेकलेलं राहिलं. मग त्यांनी कागदाची पुन्हा घडी केली. "चाळीस बायकांचा माल हाय त्या नावावर," ते म्हणाले. "तक्रार त्या नाव चोरणाऱ्याची करू. पर आक्का, पोरांना कळाया पायजे, चूक त्येंची न्हवती. नातीला मी सांगून पटंना. भिंतीवर लिवा. भिंतीवरचं पोरं खरं मानत्यात."

अक्का माझ्याकडं वळल्या. "लिही, देवा."

सातवी भिंत मी खरवडली, पुट्टी भरली, पांढरी केली. अक्कांनी सांगितलेली ओळ अशी होती: 'इथला जुना पत्ता उघडू नका. मुलांची काही चूक नाही. चूक माझी आहे. — पद्मावती, द्राक्षवेल महिला गट.' मी म्हणालो, "अक्का, तिसरं वाक्य नको जी." त्या म्हणाल्या, "मग दुसरं कोण खरं मानंल?" त्यांना काय म्हणायचं होतं ते कळलं आणि मी ब्रश उचलला.

माझ्या हातून इतकी सुंदर अक्षरं आजवर उतरली नसतील. बिरूअण्णांची नात फाटकाशी आली होती. ओठ हलवत तिनं सगळं वाचलं, आणि मग अण्णांच्या बोटाला धरून उभी राहिली. कोपऱ्यातली 'देवा आर्ट' मी पुसायला गेलो, तर अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. चांगलं काम हाय."

आता एक गोष्ट कबूल करतो. त्या ओळीतली पहिली दोन वाक्यं आणि अक्कांचं नाव मी ऑइल पेंटनं लिहिलं. 'चूक माझी आहे' एवढं मात्र साध्या चुन्यात रंग कालवून लिहिलं. वाळल्यावर दोन्ही सारखंच दिसतं. पण चुन्यातला रंग दोन पावसाळे काढत नाही. तोवर त्या मुलीला जे कळायचं ते कळून चुकलेलं असेल, आणि भिंतीवर राहील मुलांची चूक नाही हे, आणि खाली पद्मावती हे नाव. अक्कांना हे मी सांगितलेलं नाही. कुणी वाचून दाखवलं तर त्या रागावतील, रागावू देत.

ती मोकळी झालेली जागा मी भरून देणार आहे. अक्का, त्या दिवशी तुम्ही माझ्या पुढं उभ्या राहिलात. एक दिवस मी परत येईन, या वेळी न बोलावता. तोवर ती इंग्रजी अक्षरंही वाचायला शिकून येईन, म्हणजे कुठल्याही पोराच्या वाटेत न वाचलेलं काही माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. आणि तुमच्या नावाच्या आधी त्या भिंतीवर काय लिहायचं ते मी स्वतःच्या मनानं लिहीन. ऑइल पेंटनं.